मुतखडा फोडणाऱ्यांची बखर

१७८२ साली लखनौमध्ये एका फ्रेंच गृहस्थाने स्वतःच्या मूत्राशयात कानस घातली आणि आतला खडा घासायला घेतला. त्याचे नाव क्लॉड मार्टिन. १७३५ साली लियाँ शहरात जन्मलेला हा माणूस फ्रेंचांचा शिपाई म्हणून पाँडिचेरीला उतरला. फ्रेंचांचा डाव मोडल्यावर तो इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख होऊन गडगंज झाला. तोफा ओतायच्या, हवेल्यांचे आराखडे काढायचे, जमेल तिथे सावकारी करायची, असा त्याचा कारभार. लखनौच्या आकाशात गरम हवेचे फुगे सोडण्याचा प्रयोगही पुढे त्याने केला.

मूत्राशयात खडा झाला तेव्हा मार्टिनपुढे दोनच वाटा होत्या. शल्यवैद्याकडून चिरून घ्यायचे, नाहीतर कळा सोसत दिवस काढायचे. त्याने तिसरी वाट काढली. बारीक पोलादी तारेच्या टोकाला कानशीसारखे दाते पाडले, मूत्राशयात आधी कोमट पाणी भरले, मग ती तार मूत्रमार्गाने आत सरकवून तो खडा झिजवू लागला. हा उद्योग दिवसातून अनेकदा, आणि तोही कित्येक महिने चालला. खड्याची भुकटी लघवीवाटे पडत गेली आणि शेवटी त्रास थांबला. भूल नाही, मदतीला डॉक्टर नाही. शरीराला चीर न देता आतल्या आत खडा नष्ट केल्याची ही जगातली पहिली तपशीलवार नोंद मानली जाते. मार्टिनने ही हकीकत लंडनच्या शल्यवैद्यांना लिहून कळवली. त्यांनी ती मनावर घेतली नाही.

मार्टिन वैद्य नव्हता, शस्त्रागारातला माणूस होता, आणि मुतखड्याच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडलेले दिसते. नवे हत्यार बहुतेक वेळा वैद्यकाच्या उंबऱ्याबाहेरून आले. कधी ते सैनिकाने आणले, कधी विमाने बांधणाऱ्यांनी. वैद्यकाने आधी नाक मुरडले, मग किती जगले आणि किती दगावले याचा हिशेब मांडला, आणि हिशेब पटल्यावर ते हत्यार आपलेसे केले. ही बखर त्या दोन्ही पक्षांची आहे.

चिरणाऱ्यांचे राज्य

खडा माणसाइतकाच जुना. इजिप्तमध्ये एल अम्रा येथे एका मुलाच्या हजारो वर्षे जुन्या सांगाड्यात मूत्राशयातला खडा सापडला होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, त्यात संग्रहालयासकट तो नष्ट झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार दिले आहेत आणि औषधाने गुण न आल्यास वृषणांच्या मागे, मधल्या रेषेच्या डावीकडे चीर देऊन खडा काढण्याची रीतही तपशिलाने सांगितली आहे. सुश्रुताचा इशारा त्या रीतीइतकाच महत्त्वाचा आहे. काही केले नाही तर मृत्यू ठरलेला, आणि केले तर जगण्याची शंका. म्हणून राजाची परवानगी घेऊनच शस्त्र हाती धरावे, असे तो बजावतो. शस्त्रक्रियेआधी सही घेण्याची आजची पद्धत या सावधगिरीच्या जवळची आहे.

ग्रीक परंपरेने वेगळी वाट धरली. हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्याने खड्यासाठी चिरू नये, ते काम करणाऱ्यांवर सोपवावे, असे कलम आहे. म्हणजे त्या काळीही खडा काढणारी जमात वैद्यांच्या पंगतीबाहेरची होती. पुढे युरोपात ही मंडळी गावोगाव फिरून धंदा करीत. रोग्याला चौघांनी धरायचे, पाय वर बांधायचे, चीर द्यायची, खडा उपसायचा, पैसे घ्यायचे आणि जखम पिकण्याआधी गाव सोडायचे. सतराव्या शतकाच्या शेवटी साधूच्या वेशात हिंडणारा फ्रेअर जॅक पॅरिसला आला. त्याचा हात इतका झपाट्याने चाले की बघायला गर्दी लोटे. शरीररचनेचे ज्ञान मात्र बेताचे होते, त्यामुळे त्याच्या हातून पुष्कळ रोगी दगावले. त्याचीच बाजूने चीर देण्याची कल्पना पुढे इंग्लंडच्या विल्यम चेझल्डनने शवविच्छेदनाच्या अभ्यासाने सुधारली. भूल नसलेल्या त्या काळात चेझल्डन एका मिनिटाच्या आत खडा बाहेर काढू शकत असे. रोग्याच्या लेखी ते मिनिटच सर्वस्व होते.

या मरणाच्या दारातून परत आलेल्यांत इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स होता. २६ मार्च १६५८ रोजी त्याचा खडा काढला गेला. पुढे दरवर्षी त्या तारखेला तो मेजवानी देई आणि आपला खडा जपून ठेवून पाहुण्यांना दाखवी. एका खड्यासाठी माणूस दरसाल देवाचे आभार मानतो, यावरून तेव्हाची धास्ती कळते. १७३९ मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटने जोआना स्टीव्हन्स नावाच्या बाईला खडा विरघळवणाऱ्या औषधाची कृती जाहीर करण्यासाठी पाच हजार पौंड मोजले. कृती जाहीर झाली तेव्हा त्यात अंड्यांची टरफले, गोगलगायी आणि साबण निघाला. सुरीच्या भीतीपोटी एका देशाचे सरकार किती पैसे मोजायला तयार होते, याचा हा पुरावा.

पॅरिसचा हिशेब

खडा आतच फोडावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेत होती. म्युनिकचा डॉक्टर फ्रान्झ फॉन ग्रुइटहुइझेन याने १८१३ मध्ये सरळ नळीतून मूत्राशयात शिरून खडा पोखरता येईल असे मांडले. तोवर मूत्रमार्ग वाकडा असल्यामुळे सरळ नळी आत जाणारच नाही, असा समज होता. ग्रुइटहुइझेनचे लक्ष मात्र लवकरच आकाशाकडे वळले. तो खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि दुर्बिणीतून चंद्रावर शहर दिसल्याचे त्याने जाहीर केले. चंद्रावरचे शहर खोटे ठरले, खड्यापर्यंत जाणारी सरळ नळी खरी ठरली.

ती खरी करून दाखवली झाँ सिव्हियालने. हा दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातला मुलगा पॅरिसमध्ये वैद्यक शिकत होता. त्याला आधी खडा विरघळवायचा होता. त्यासाठी खडा आतल्या आत पिशवीत पकडून त्यावर द्रव सोडावा, असे त्याच्या मनात होते. पकडण्याचे हत्यार तयार करताना त्याच्या लक्षात आले की खडा पकडता येतो, तर तो फोडताही येईल. त्यातून त्याचे त्रिशूळवजा यंत्र तयार झाले. बाहेरची सरळ नळी, तिच्या आत सरकणारी दुसरी नळी आणि टोकाला उघडमीट करणारे तीन वाकडे पंजे. पंज्यांनी खडा धरायचा आणि मधून घातलेला गिरमिट धनुकलीच्या दोरीने फिरवून तो पोखरायचा. हे सगळे रोगी शुद्धीवर असताना, डोळ्यांना आतले काहीही दिसत नसताना, केवळ बोटांना लागणाऱ्या खरखरीवर.

१३ जानेवारी १८२४ रोजी विज्ञान अकादमीने नेमलेल्या निरीक्षकांसमोर सिव्हियालने जिवंत माणसाच्या मूत्राशयातला खडा या रीतीने फोडला. रोगी थोड्याच वेळात उठून चालू लागला. पाहणाऱ्यांना यातले नवल कळले होते, कारण चिरलेला रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळत असे. त्याबरोबर भांडणेही सुरू झाली. ल्रुआ द एत्योल, अर्तलू, आम्युसा अशा अनेकांनी हे हत्यार आधी आपल्याला सुचले, असा दावा लावला. श्रेयाची ही खेचाखेच कित्येक वर्षे चालली.

सिव्हियालची खरी कामगिरी मात्र या यंत्रापेक्षा त्याच्या वहीत होती. त्याने युरोपभरच्या रुग्णालयांतून खड्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे गोळा केले. चिरून खडा काढलेल्या हजारो रोग्यांत शंभरामागे वीस-बावीस मेले होते. आतल्या आत फोडलेल्या काहीशे रोग्यांत हे प्रमाण दोन-तीनवर आले. १८३५ मध्ये हे आकडे विज्ञान अकादमीपुढे गेले. परीक्षण करणाऱ्या समितीत गणितज्ञ पॉइसाँ आणि नेपोलियनचा शल्यवैद्य लारे होते. समितीने आकड्यांचे कौतुक करण्यापेक्षा शंकाच जास्त काढल्या. वैद्यापुढे एक रोगी असतो, झुंड नव्हे, सरासरीने एका माणसाचे काय होणार हे कसे सांगता येईल, असा तिचा सूर होता.

शंका अगदीच पोकळ नव्हती. सोप्या खड्यांचे रोगी फोडण्यासाठी आणि अवघड खड्यांचे चिरण्यासाठी निवडले असतील, तर तुलना एकतर्फी ठरते. तरीही दोन उपचारांपैकी कोणता बरा, हे गुरूच्या अधिकाराने न ठरवता मोजून ठरवावे, हा आग्रह वैद्यकात जोमाने मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांत सिव्हियालची गणना होते. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याच्यासाठी खड्याच्या रोग्यांचा स्वतंत्र विभाग निघाला. मूत्ररोगांसाठी राखलेला तो जगातला पहिला विभाग समजला जातो.

नवाबाचा लाख आणि इंदूरची मुले

सिव्हियालच्या पद्धतीत एक खोट होती. खडा थोडाथोडा फोडायचा, तुकडे लघवीतून पडायची वाट पाहायची, पुन्हा बोलवायचे. प्रत्येक बैठक काही मिनिटांची, कारण मूत्राशय जास्त वेळ छेडछाड सोसणार नाही अशी समजूत होती. आत राहिलेले धारदार तुकडे टोचत आणि जंतू वाढत. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याच्या वाट्याला हेच आले. लंडनचे नामांकित शल्यवैद्य सर हेन्री थॉम्प्सन यांनी १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा फोडून नाव कमावले होते. त्यांनी जानेवारी १८७३ मध्ये चिझलहर्स्ट येथे नेपोलियनचा खडा दोन बैठकांत फोडला. तिसरी बैठक व्हायच्या आधीच, ९ जानेवारीला सम्राट गेला.

ही खोट बॉस्टनच्या हेन्री जेकब बिगेलोने १८७८ मध्ये काढून टाकली. ईथरच्या भुलेची पहिली शास्त्रीय वार्ता १८४६ मध्ये जगाला देणारा तोच हा बिगेलो. भूल दिलेला रोगी तास-दोन तास शांत पडून राहतो, मग घाई कशाला, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्याने भक्कम चिमटा करवला, जाड नळी घातली आणि रबरी फुग्याने पाणी आत-बाहेर करून सारे तुकडे एकाच बैठकीत ओढून घेतले.

या नव्या रीतीची खरी परीक्षा हिंदुस्थानात झाली. इथे मूत्राशयाचे खडे विपुल होते, आणि तेही लहान मुलांत. केवळ धान्यावर वाढलेल्या, दूधदुभते आणि मांसाहार न मिळणाऱ्या गरीब मुलांना हे खडे होत. बिगेलोची रीत मुलांच्या अरुंद मूत्रमार्गाला चालणार नाही, असे युरोपातले जाणकार सांगत. इंदूरच्या रेसिडेन्सीतले सर्जन डी. एफ. कीगन यांनी लहान मापाची हत्यारे वापरून मुलांवर ही शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केली आणि आकडे छापून तो आक्षेप खोडून काढला. होळकरांच्या राजधानीतली ही नोंद लंडन-पॅरिसच्या पुस्तकांना आपले मत बदलायला लावणारी होती.

त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात पीटर फ्रायर हा आयरिश सर्जन शेकडो खडे फोडत होता. रामपूरच्या नवाबाचा खडा काढल्याबद्दल त्याला एक लाख रुपये फी मिळाली. सरकारी नोकराने एवढी रक्कम घ्यावी की नाही, यावरून सरकारदरबारी खळखळ झाली. फ्रायर पुढे लंडनला गेला आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाला. त्याचा हात हिंदुस्थानातल्या खड्यांवरच बसला होता.

खडा वर सरकला

विसाव्या शतकात एक विचित्र गोष्ट घडली. लोकांचे खाणेपिणे सुधारले, तसे मुलांच्या मूत्राशयातले खडे युरोपातून आणि हळूहळू आपल्याकडूनही ओसरले. त्यांची जागा मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडातल्या खड्यांनी घेतली. तिथे मात्र सिव्हियालच्या पंज्याचा किंवा बिगेलोच्या चिमट्याचा उपयोग नव्हता. मूत्रमार्गाने मूत्राशयात शिरणे सोपे. तिथून वर पेन्सिलीहून बारीक मूत्रवाहिनी ओलांडून मूत्रपिंडात पोहोचायचे कसे?

म्हणून पुन्हा सुरी आली. १८८० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात हेन्री मॉरिस यांनी एरवी धड असलेले मूत्रपिंड कापून त्यातला खडा काढला. १८९६ मध्ये, क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, ग्लासगोच्या जॉन मॅकिन्टायर यांनी खड्याचा क्ष-किरण फोटो घेतला. आता खडा कुठे आहे ते आधी कळू लागले. भूल सुधारली, पुढे प्रतिजैविके आली. तरी पुढची सुमारे शंभर वर्षे मूत्रपिंडाचा खडा म्हटला की कुशीत शेवटच्या बरगडीखाली वीतभर चीर, आठवडाभर तरी रुग्णालय आणि महिनाभर घरी पडून राहणे, हे ठरलेले होते. खडा पुन्हा झाला तर जुन्या व्रणातून पुन्हा चीर. अशा दोन-तीन फेऱ्यांत काहींचे मूत्रपिंडच गमवावे लागे.

पावसाचे थेंब आणि विमानाचे पत्रे

मूत्रपिंडापर्यंत न शिरता खडा फोडण्याची युक्ती ज्यांच्या हाती लागली, ते खड्याचा विचारच करत नव्हते. पश्चिम जर्मनीत बोडन सरोवराकाठी फ्रीडरिशहाफेन गावी डॉर्नियर ही विमाने बांधणारी कंपनी होती. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पत्र्यावर पावसाचा थेंब आदळला की पत्र्याला खड्डे पडतात, आणि नुकसान आदळण्याच्या जागेपासून दूरही दिसते, असे तिथल्या अभियंत्यांच्या लक्षात आले होते. आघाताची लाट धातूतून कशी धावते, हे तपासायला ते प्रयोगशाळेत प्रचंड वेगाने गोळ्या मारत.

१९६६ मध्ये, असे सांगितले जाते, गोळी आदळली त्या क्षणी एका तंत्रज्ञाचा हात लक्ष्याला टेकलेला होता. त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. तपासले तर वीज कुठेच नव्हती. कॅरमच्या एकमेकींना चिकटलेल्या सोंगट्यांच्या रांगेत पहिलीला मारलेला टोला मधल्यांना न हलवता शेवटचीला उडवतो, तशी ती लाट धातूतून हातात शिरली होती, आणि हाताला काही इजा झाली नव्हती. मग संरक्षण मंत्रालयाच्या पैशाने वेगळाच अभ्यास सुरू झाला. रणगाड्यावर गोळा आदळला तर आत भिंतीला टेकून बसलेल्या सैनिकाचे काय होईल? जनावरांवरच्या प्रयोगांत दिसले की स्नायू आणि चरबीतून लाट फारसे नुकसान न करता जाते. फुप्फुसात हवा असते, तिथे मात्र इजा होते. मऊ मांसातून निमूट जाणारी आणि ठिसूळ वस्तूला तडा देणारी लाट हाती लागल्यावर कोणाला तरी खडा आठवणे साहजिकच होते. १९७१ मध्ये हॉयस्लर आणि कीफर यांनी पाण्यात ठेवलेला मूत्रपिंडाचा खडा स्पर्श न करता फोडून दाखवला.

पाण्यातल्या ठिणगीने दगड फुटतो, हे त्याआधी सोव्हिएत अभियंता लेव युत्किन याने दाखवले होते. त्यावरून रीगामध्ये मूत्राशयाचे खडे फोडणारे उराट हे उपकरणही निघाले होते. पण ते आत घालून खड्याला टेकवावे लागे. डॉर्नियरने ठिणगी शरीराबाहेर ठेवली. पितळी कटोरा लंबवर्तुळाच्या आकाराचा केला. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एकीतून निघालेली लाट भिंतीवर आपटून दुसरीत गोळा होते. पहिल्या नाभीत ठिणगी टाकायची आणि दुसरी नाभी नेमकी खड्यावर आणायची. लाट वाटेत पसरलेली असते म्हणून त्वचेला आणि मांसाला सोसवते. खड्यापाशी मात्र तिचा दाब वातावरणाच्या शेकडो पट होतो. खड्यात शिरताना ती त्याला दाबते, मागच्या पृष्ठभागावरून परतताना ताणते. भोवतालच्या द्रवात बुडबुडे उठून फुटतात, तेही खड्याला कुरतडतात. अशा हजार-दोन हजार टोल्यांनी खड्याची वाळू होते.

१९७४ पासून म्युनिक विद्यापीठातले डॉक्टर या कामात आले. मूत्ररोगतज्ज्ञ एगबर्ट श्मिट, शस्त्रक्रिया संशोधन संस्थेचे वाल्टर ब्रेंडेल, तरुण ख्रिश्चन शॉसी आणि फर्डिनांड आयझेनबर्गर, आणि डॉर्नियरचा भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ड फोर्समान. माणसांचे खडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडात बसवून प्रयोग झाले. फोडण्यापेक्षा खडा सापडणे अवघड निघाले. ध्वनिलहरींनी तो नीट दिसेना, आणि काही काळ सारा प्रकल्पच अडून बसला. शेवटी एकमेकांना छेदणाऱ्या दोन क्ष-किरण झोतांनी जागा पक्की करण्याची युक्ती चालली.

७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकच्या ग्रोसहाडर्न रुग्णालयात पहिल्या माणसावर उपचार झाला. भूल दिलेल्या रोग्याला खुर्चीवजा पाळण्यात निजवून पाण्याच्या मोठ्या टाकीत उतरवले होते. लाट हवेतून शरीरात नीट शिरत नाही, पाण्यातून शिरते, म्हणून हा जलविहार. पाण्यातली विरलेली हवाही काढून टाकावी लागे. टोला हृदयाच्या ठोक्याशी जुळवून द्यावा लागे, नाहीतर ठोका चुकण्याची भीती. प्रत्येक ठिणगीचा आवाज एवढा की खोलीतले लोक कानात बोळे घालत. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. १९८३ मध्ये एचएम-३ हे विक्रीचे यंत्र आले, आणि डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवाना दिला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही लिथोट्रिप्सीची, म्हणजे बाहेरून टोले देऊन खडा फोडण्याची, यंत्रे येऊ लागली. शंभर वर्षे चाललेली कुशीतली चीर दहा वर्षांच्या आत अपवादावर गेली.

पाठीतून सुई, खालून दुर्बीण

यंत्राची कीर्ती झाली तशा त्याच्या मर्यादाही उघड्या पडल्या. दोन सेंटीमीटरहून मोठा खडा फुटला तरी तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकून लघवी तुंबते. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातली वाळू वर चढून बाहेर पडत नाही. सिस्टिनचे आणि काही प्रकारचे ऑक्झलेटचे खडे टोल्यांना दाद देत नाहीत. शिवाय कंपन्यांनी टाकी काढून पाण्याची उशी लावली, भूल नको म्हणून टोला सौम्य केला, यंत्रे सुटसुटीत झाली. पण फोडण्याच्या ताकदीत त्यातली बरीचशी पाण्यातल्या जुन्या एचएम-३ची बरोबरी करू शकली नाहीत, असे मूत्ररोगतज्ज्ञ आजही सांगतात.

तोवर दोन दुसऱ्या वाटा रुंदावल्या होत्या. पहिली पाठीतून. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये क्ष-किरणतज्ज्ञ इंगमार फर्नस्ट्रॉम आणि मूत्ररोगतज्ज्ञ बेंग्ट योहान्सन यांनी पाठीतून थेट मूत्रपिंडात सुई घातली, तो मार्ग हळूहळू रुंद केला आणि त्यातून खडे बाहेर काढले. याही खेपेला पुढाकार सुरी न धरणाऱ्या माणसाचा होता. आज आपल्या रुग्णालयांत पीसीएनएल म्हणून जी शस्त्रक्रिया होते ती हीच. मोठा खडा आत फोडायला लोझान येथे तयार झालेला लिथोक्लास्ट आला. त्यात दाबलेल्या हवेने एक धातूची गोळी आपटते आणि बारीक दांडी खड्यावर घणासारखी चालते. स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे आपल्याकडे तो फार वापरला गेला. गुजरातेत नडियादच्या मूळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयाचे महेश देसाई आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०११च्या सुमारास हा मार्ग दीड मिलिमीटरच्या आसपास आणून दाखवला. सुईतच कॅमेरा, सुईतूनच लेझर.

दुसरी वाट खालून. १९१२ मध्ये अमेरिकेचे ह्यू हॅम्प्टन यंग एका मुलाची तपासणी करत असताना त्यांची दुर्बीण रोगाने रुंद झालेल्या मूत्रवाहिनीतून थेट वर गेली. ती वाट सर्वांसाठी खुली व्हायला १९८० उजाडले; माद्रिदच्या एन्रिके पेरेस-कास्त्रो यांनी मूत्रवाहिनीत जाणारी लांब दुर्बीण वापरात आणली. मग नळ्या लवचिक झाल्या, कॅमेरे बारीक झाले, आणि नव्वदच्या दशकात होल्मियम लेझर आला. केसासारख्या तंतूतून जाणारा हा प्रकाश कुठल्याही जातीच्या खड्याची भुकटी करतो. एकेकाळी अजिंक्य वाटलेली टोल्यांची टाकी आज पुष्कळ ठिकाणी लेझरच्या मागे उभी आहे.

शेवटचा आकडा

दोनशे वर्षांची ही कमाई मोठी आहे. पाचात एक मरणारा रोगी आता बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. पण एवढी सगळी यंत्रे खडा फोडतात, खडा होण्याची सवय फोडत नाहीत. एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहाएक वर्षांत तो पुन्हा होतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे पुष्कळदा आपोआप पडतात, त्यामुळे कुळथाच्या काढ्याला मिळणारे श्रेय अनेकदा त्याच्याबरोबर प्यायलेल्या पाण्याचे आणि गेलेल्या दिवसांचे असते.

सिव्हियालने सुरू केलेला हिशेब या बाबतीतही झाला आहे. इटलीत पार्मा येथे लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा खडा झालेल्यांचे दोन गट केले. एकाला भरपूर पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. १९९६ मध्ये छापलेल्या या अभ्यासात पाच वर्षांनी पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या १२ जणांना खडा पुन्हा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. त्याच गटाने २००२ मध्ये दाखवले की दूध-दही तोडण्यापेक्षा मीठ आणि मांस कमी केल्याने खडे जास्त टळतात.

तेव्हा ज्यांना एकदा कळ येऊन गेली आहे त्यांनी यंत्राच्या भरवशावर राहू नये. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले नाही, त्यांनी दिवसाला निदान दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यावे, उन्हाळ्यात आणि घाम गाळणाऱ्या कामात त्याहून जास्त, आणि पानातले मीठ कमी करावे. ताप, थंडी आणि कुशीतली कळ एकत्र आली, किंवा लघवी बंद झाली, तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे.